दोन किल्ल्यांची तिजोरी

बँकेच्या तिजोरीची एक जुनी शिस्त आहे. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. एकजण कितीही अनुभवी आणि विश्वासू असला, तरी त्याला एकट्याने तिजोरी उघडता येत नाही. दुसरा वेळेवर पोहोचला नाही, तर काउंटरसमोर रांग लागलेली असूनही रोकड आतच राहते. व्यापारी कुटुंबांना ही शिस्त परिचयाची आहे आणि तिच्यामागचे कारणही ठाऊक आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या सुरक्षिततेची व्यवस्था आपल्या देशात काहीशी अशीच उभी राहिली आहे. एक किल्ली शाळेतील समुपदेशकाजवळ किंवा मानसशास्त्रज्ञाजवळ असते. मूल त्याच्यापाशी बोलते. दुसरी किल्ली बाल संरक्षण यंत्रणेजवळ असते. बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, विशेष बाल पोलीस पथक आणि १०९८ ही मदतवाहिनी हे तिचे घटक. समुपदेशकाला मुलाचे दुःख कळते, परंतु त्या मुलाच्या घरात पाऊल टाकण्याचा अधिकार त्याला नाही. यंत्रणेला अधिकार आहे, परंतु कोणत्या घरात कोणते मूल गप्प बसले आहे हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. या दोन किल्ल्या एकाच वेळी फिरल्या, तरच मूल बाहेर येते. एरवी दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असूनही मूल आतच राहते.

महामार्गालगतचे गाव

पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, शिरूर तालुक्यातील कारेगाव हे असेच विचार करायला लावणारे गाव आहे. शेजारी अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव आणि भोवती रांजणगावची औद्योगिक वसाहत. एका पिढीपूर्वी ज्वारी-बाजरी आणि उसाच्या हिशेबावर चालणारा हा टापू आता कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतो. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरदूरच्या भागांतून कामगार येथे येतात. रांगेने बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत कुटुंबे राहतात. ठेका संपला की काही कुटुंबे दुसऱ्या वसाहतीकडे निघून जातात आणि त्यांच्या जागी नवी येतात.

मोठ्यांच्या दृष्टीने हा रोजगार आहे. मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा होतो. गावाकडे आजी, चुलती, शेजारीण, देवळाजवळ बसणारे म्हातारे अशा दहा जणांच्या नजरेत मूल वाढते. येथे ते आईवडिलांच्या दोन पाळ्यांमधल्या रिकाम्या वेळेत वाढते. दारातून येणारा-जाणारा कोण, हे चाळीत कोणी विचारत नाही. कारण शेजारीही सहा महिन्यांपूर्वीच आलेला असतो. अशा ठिकाणी मुलाला दररोज पाहणारी, त्याचे नाव ठाऊक असणारी मोठी माणसे दोनच उरतात. एक शाळेतील शिक्षक आणि दुसरा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार.

वस्तुस्थिती स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, अशा गावातील एका शाळेत सहावीत शिकणारी एक मुलगी आहे. दिवाळीपर्यंत ती वर्गात पुढे बसत असे. आता ती मागच्या बाकावर बसते आणि दुसऱ्या तासाला झोपी जाते. आई बाळंतपणासाठी गावी गेली आहे. वडील रात्रपाळीला असतात. खोलीचे भाडे वाटून घ्यावे म्हणून वडिलांच्या ओळखीचा एक गृहस्थ त्याच खोलीत राहायला आला आहे. शिक्षिका तिला आळशी म्हणत नाहीत. आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशिकेकडे पाठवतात. तिसऱ्या भेटीत मुलगी एवढेच म्हणते, ‘‘बाबा कामावर गेले की मला झोप लागत नाही. काका जागे असतात.’’

हे वाक्य ऐकल्यानंतरच्या चोवीस तासांत काय घडते, यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.

ऐकणाऱ्याचे काम

समुपदेशकाचे पहिले काम ऐकण्याचे आहे आणि ते वाटते तितके सोपे नाही. मूल एका दमात सगळे सांगत नाही. ते आधी एखादे लहान वाक्य टाकून पाहते. समोरचा माणूस दचकला, रागावला किंवा ‘‘असे काही नसते’’ म्हणाला, तर ते पुन्हा बोलत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अहवालात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एका किंवा अधिक प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव नोंदवला. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांचे प्रमाण मोठे होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. म्हणजे मुलाच्या तोंडून निघालेले ते पहिले अर्धे वाक्य मौल्यवान असते.

जाणता समुपदेशक ते वाक्य मुलाच्या शब्दांत जसेच्या तसे लिहून ठेवतो. तारीख, वेळ आणि स्वतःची सही घालतो. आपली अनुमाने त्यात मिसळत नाही. पुन्हा पुन्हा तेच विचारून मुलाला थकवत नाही. कारण तपास हे त्याचे काम नाही आणि वारंवार विचारल्याने मुलाचे सांगणे डगमगू लागते. संशयित व्यक्तीला बोलावून ‘‘खरे काय’’ असे तर तो मुळीच विचारत नाही. तसे केले, तर सायंकाळी त्याच खोलीत परतणाऱ्या मुलावर सगळा राग निघतो. आणि आणखी एक गोष्ट तो टाळतो. ‘‘मी कोणालाच सांगणार नाही’’ असे वचन तो देत नाही. ‘‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणे भाग आहे, तेवढ्यांनाच सांगेन’’ इतकेच तो म्हणतो. पाळता न येणारे वचन देऊन मुलाचा विश्वास मिळवणे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना धनादेश देण्यासारखे आहे.

ग्रामीण भागातील बहुसंख्य शाळांत पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात सांगितले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, अशी सूचना आहे. तोवर, आणि त्यानंतरही, पहिली नजर वर्गशिक्षकाचीच असणार. उपस्थिती अचानक घसरणे, भर उन्हाळ्यात अंग झाकून येणे, शाळा सुटल्यावर घरी जाण्याची टाळाटाळ, हात उगारला नसताना दचकणे, या खुणा ओळखायला पदवी लागत नाही.

कायद्याने बांधलेला पूल

समुपदेशकाच्या खोलीतून यंत्रणेपर्यंत जाणारा पूल कायद्याने बांधून ठेवला आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पोक्सो कायदा. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अपराध घडला आहे हे ज्याला ठाऊक आहे किंवा घडण्याची ज्याला धास्ती वाटते, अशा कोणाही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवले पाहिजे, असे त्याचे कलम १९ सांगते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड. सद्हेतूने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही.

येथे अनेक सुशिक्षित माणसे अडखळतात. ‘‘पुरावा काय?’’ हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर बँकेच्या व्यवहारात आहे. काळा पैसा रोखण्यासाठी २००२ मध्ये जो कायदा झाला, त्यानुसार एखादा व्यवहार संशयास्पद वाटला, तर बँक त्याचा अहवाल केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे पाठवते. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर नसते. ग्राहकाला बोलावून ‘‘आम्ही तुमच्याविषयी कळवत आहोत’’ असेही बँक सांगत नाही. संशय नोंदवणे एवढेच तिचे काम. शहानिशा करणारे वेगळे. पैशाच्या बाबतीत जी शिस्त व्यापारी जगाने मान्य केली आहे, तीच मुलाच्या बाबतीत कायद्याने मागितली आहे.

पोलिसांना कळल्यानंतर त्यांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून घेता येत नाही. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. तपास आणि खटल्याच्या काळात ती मुलाची सोबत करते.

जेथे लैंगिक अपराधाचा प्रश्न नाही, तेथेही पूल आहेच. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार उपेक्षित, छळ होत असलेले, कामाला जुंपलेले किंवा बालविवाहाचे संकट ओढवलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. अशा बालकाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, समितीसमोर हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत किमान एक स्त्री असते आणि समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. १०९८ या क्रमांकावरून कोणालाही, अगदी मुलालाही, मदत मागता येते. ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली आणि २०२३ मध्ये मिशन वात्सल्य योजनेखाली शासनाने ती आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली.

पूल ओलांडला नाही तर

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून कारवाई पुढे चालू राहील असे सांगितले. अपराधाची तातडीने आणि योग्य रीतीने खबर देणे हे या कायद्याच्या हेतूच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे, ही त्या निकालातील भूमिका. दोष सिद्ध होणे वा न होणे हा खटल्याचा भाग. परंतु मौन हाच स्वतंत्र अपराध ठरू शकतो, हे त्या निकालाने निःसंदिग्ध केले.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरची घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. शाळेतच दोन अगदी लहान मुलींवर अत्याचार झाले. मुलींच्या बोलण्यातून घरच्यांना कळले. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेवर न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदवला गेला. या प्रकरणात दोन्ही किल्ल्या अडकल्या होत्या. शाळेची किल्ली फिरली नाही आणि पोलीस ठाण्याचीही वेळेवर फिरली नाही. मधल्या दिवसांचा सगळा भार लहानग्या मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी सोसला.

त्यानंतर शासनाने शाळांतील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी नव्याने आदेश काढले. कॅमेरा हवाच. परंतु कॅमेरा शाळेची गच्ची आणि जिना पाहतो; भाड्याच्या खोलीतली रात्र तो पाहू शकत नाही. ती पाहण्यासाठी मुलाचे ऐकणारा माणूस लागतो आणि त्या माणसाचे ऐकणारी यंत्रणा लागते.

‘मूल उचलून नेतील’ ही भीती

या सहकार्याला समाजात विरोध होतो, तो केवळ निष्काळजीपणामुळे नव्हे. अनेकांना प्रामाणिक भीती वाटते. बाल संरक्षण म्हटले, की जैन समाजातील वाचकांना बर्लिनचे प्रकरण आठवते. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथे राहणाऱ्या एका भारतीय जैन कुटुंबातील सात महिन्यांच्या मुलीला इजा झाल्याने आईवडिलांनी रुग्णालयात नेले आणि तेथील बाल कल्याण यंत्रणेने तिला ताब्यात घेतले. पुढे आईवडिलांविरुद्धचा फौजदारी तपास आरोपपत्राविना बंद झाला. तरीही जून २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने ताबा आईवडिलांना नाकारला. मुलीची भाषा, आहार आणि संस्कार तुटत आहेत, हे दुःख देशभरातील जैन संघांनी मांडले आणि भारत सरकारनेही तो प्रश्न उचलून धरला.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अधिकार असलेली कोणतीही यंत्रणा चुकू शकते. परंतु याच कारणासाठी शाळेतील मानसशास्त्रज्ञाची साक्ष महत्त्वाची ठरते. यंत्रणेला कुटुंब अर्ध्या तासाच्या भेटीत दिसते. शाळेला ते वर्षानुवर्षे दिसते. आई मुलाला रोज डबा देते की नाही, वडील पालकसभेला येतात की नाही, मूल घराविषयी काय चित्र काढते, हे शाळा जाणते. ही माहिती समितीपुढे नीट आली, तर निष्पाप आईवडिलांवरील अन्यायही टळतो. सहकार्य हे केवळ दोषी शोधण्याचे साधन नाही, तर निर्दोष कुटुंबाचे कवचही आहे.

भारतीय कायद्याचा कलही कुटुंबाकडे आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तत्त्व बाल न्याय अधिनियमात स्पष्ट नमूद आहे. बहुतेक प्रसंगी समितीसमोरचा प्रश्न ‘मूल कोठे न्यावे’ हा नसतो. ‘या घराला कशाचा आधार दिला तर मूल येथेच सुरक्षित राहील’ हा असतो. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत पात्र मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये, तर मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. वडील गेल्यामुळे शाळा सोडून गॅरेजमध्ये लागणाऱ्या मुलासाठी ही रक्कम निर्णायक ठरू शकते. मात्र त्या मुलाचे नाव योजनेपर्यंत पोहोचवणारा कोणी शाळेतून पुढे आला पाहिजे.

कारेगावच्या त्या कल्पित मुलीचेही असेच. समुपदेशिकेने नोंद केली, मुख्याध्यापकांना सांगितले आणि त्याच दिवशी पोलिसांना व १०९८ ला कळवले, तर त्या रात्री मुलगी त्या खोलीत एकटी राहत नाही. तपास त्या गृहस्थाचा होतो. वडिलांना प्रथमच कळते, की भाड्याचे निम्मे पैसे वाचवताना आपण काय धोका पत्करला होता. समिती त्यांना गुन्हेगार मानत नाही. आईला गावाहून लवकर परत आणता येईल का, आजी येऊन राहील का, हे विचारते. मुलगी आपल्या माणसांत राहते आणि धोका घराबाहेर जातो.

परतीची वाट

पूल दोन्ही दिशांनी चालला पाहिजे. पुष्कळदा शाळा कळवते आणि तिचे काम संपले असे मानते. यंत्रणा गोपनीयतेमुळे शाळेला काही सांगत नाही. मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ती मनाई जगासाठी आहे. ज्या समुपदेशकाला मुलाला सोमवारी पुन्हा वर्गात बसवायचे आहे, त्याला मुलाच्या हितापुरते कळणे आवश्यक असते. सुनावणी कोणत्या दिवशी आहे, मूल सध्या कोणाकडे राहते, त्याला शाळेतून नेण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढी माहिती साहाय्यक व्यक्तीमार्फत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मिळाली, तर बरेच अनर्थ टळतात. कायद्यातच प्रत्येक बालकासाठी वैयक्तिक काळजी आराखडा सांगितला आहे. शाळेचे म्हणणे त्या आराखड्यात उमटले पाहिजे.

आणि मूल परतते तेव्हा शाळेने काय करावे? बुडालेल्या चाचणीची दुसरी संधी द्यावी. अनुपस्थितीचा जाहीर उल्लेख करू नये. शिक्षकांच्या खोलीत त्या विषयाची कुजबुज होऊ देऊ नये. सर्वात महत्त्वाचे म्हणजे ‘‘संस्थेचे नाव नको’’ म्हणून पालकांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवू नये. ज्या मुलाने धीर करून सांगितले, त्यालाच शाळेबाहेर काढणे ही शिक्षा इतर सर्व मुले पाहत असतात आणि त्यानंतर त्या शाळेत कोणीही बोलत नाही.

संस्थाचालकांचा हिशेब

शिरूर परिसरातील शिक्षणात व्यापारी जैन घराण्यांचा वाटा जुना आहे. शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयाच्या नावातच ती परंपरा दिसते. याच महामार्गावर पुण्याकडे जाताना वाघोली लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून भारतीय जैन संघटनेने त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि वाघोलीत त्यांच्यासाठी संकुल उभे राहिले. एका रात्रीत घर गमावलेल्या मुलांना पुस्तकाइतकीच मनाच्या उभारीची गरज असते, हा धडा या रस्त्याने तीस वर्षांपूर्वी पाहिला आहे. भूकंप सर्वांना दिसतो, म्हणून मदत धावून येते. चार भिंतींत होणारी पडझड कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

शाळा, वसतिगृह, क्रीडा प्रबोधिनी, संस्कार शिबिर किंवा धार्मिक पाठशाळा चालवणाऱ्या विश्वस्तांनी म्हणून स्वतःला काही व्यवहारी प्रश्न विचारावेत. समुपदेशकाला थेट पोलिसांना कळवण्याची मुभा आहे, की प्रत्येक गोष्ट आधी अध्यक्षांच्या टेबलावर यावी अशी अलिखित पद्धत आहे? स्थानिक पोलीस ठाणे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांचे चालू क्रमांक कार्यालयात एका कागदावर आहेत का, आणि तो कागद शेवटचा कधी तपासला? स्वयंपाकी, वाहनचालक, शिपाई, प्रशिक्षक यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने होते का? २०२० च्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे. वर्षातून एकदा समुपदेशक, पोलीस अधिकारी आणि बाल संरक्षण कर्मचारी एका टेबलाशी बसतात का? संकटाच्या रात्री अनोळखी माणसाला फोन करणे अवघड जाते. आधी एकदा चहा घेतलेला असेल, तर तोच फोन पाच मिनिटांत होतो.

पैशाची अडचण असेल, तर तीन-चार लहान शाळा मिळून एक समुपदेशक नेमू शकतात. त्याने प्रत्येक शाळेत ठरलेल्या वारी यावे, स्वतंत्र खोलीत बसावे आणि त्याच्या नोंदी कुलूपबंद राहाव्यात. इमारतीच्या एका मजल्याच्या खर्चात असा माणूस अनेक वर्षे ठेवता येतो. त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार नाही, हे मात्र खरे.

आपल्या स्वतःच्या घरांकडेही याच नजरेने पाहावे लागेल. ‘घराण्याची अब्रू’ या दोन शब्दांनी मोठ्या वाड्यांत कितीतरी मुलांची वाक्ये अर्ध्यावर तोडली आहेत. मूल एखाद्या नातेवाइकाच्या मांडीवर बसायला नकार देते, तेव्हा ‘‘असे वागू नये’’ म्हणण्याआधी क्षणभर थांबणे, हेही बाल संरक्षणच आहे. मुलाचे ऐकून घेतल्याने अब्रू जात नाही. ते न ऐकल्याने मात्र मूल आयुष्यभरासाठी घरापासून तुटते.

कारेगावच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उधारीची वही असते. कोणत्या खोलीत या आठवड्यात पीठ गेले नाही, कोणाच्या घरी दारूच्या दिवशीच उधारी वाढते, कोणती मुलगी पैसे नसताना सारखी येऊन दुकानाच्या पायरीवर नुसती बसून राहते, हे त्या दुकानदाराला शाळेच्याही आधी कळते. तो समुपदेशक नाही आणि अधिकारीही नाही. पण वर्गशिक्षिकेला ‘‘बाई, त्या मुलीकडे जरा लक्ष द्या’’ एवढे तो सांगू शकतो. शंका दाट असेल, तर १०९८ हे चार आकडे त्यालाही फिरवता येतात.

तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या ठरलेल्या हातांतच राहतील. परंतु दाराआडून आलेला आवाज प्रथम ज्याच्या कानावर पडतो, त्याने किल्लीवाल्यांना हाक मारायची असते.